खाऱ्या काठी गोड झरा
लोणारच्या कमळजादेवीच्या सान्निध्यात ‘जुळवून घेण्या’विषयी काही विचार

आश्विन शुद्ध प्रतिपदा उजाडली की महाराष्ट्रातील घराघरांत देवघरापुढील जागा स्वच्छ करून घट बसविला जातो. पत्रावळीवर शेतातील काळी माती पसरावी, तीत सप्तधान्य पेरावे, मध्यभागी जलपूर्ण घट ठेवावा, अखंड दीप लावावा आणि रोज एक माळ चढवावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नऊ दिवसांत त्या मूठभर मातीतून वीतभर उंचीचे अंकुर वर येतात. दसऱ्याला हे अंकुर आपण टोपीत, पागोट्यात, वेणीत मोठ्या भक्तिभावाने खोवतो. परंतु ते हिरवे नसून पिवळसर का असतात, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

तेच बी शेतात पडले असते तर रोप आखूड, दणकट आणि हिरवेगार झाले असते. देवघराच्या कोपऱ्यात ऊन येत नाही. असतो तो समईचा मंद उजेड. तेव्हा ते बी आपली वाढण्याची रीत बदलते. पानांवर फारशी शक्ती खर्च न करता देठ लांबविते, उजेड ज्या दिशेस असेल त्या दिशेस झुकते आणि साठविलेल्या पुंजीवर नऊ दिवस तग धरते. मिळालेल्या जागेशी, मिळालेल्या प्रकाशाशी ते जुळवून घेते. मात्र गव्हाचे बी गहूच राहते आणि ज्वारीचे ज्वारीच. घटस्थापनेच्या विधीत आदिशक्तीच्या सर्जनाचे पूजन आहेच. पण परिस्थितीशी जुळवून घेऊन जीवन पुढे नेण्याच्या या गुणाचेही ते पूजन आहे, असे आम्हांस वाटते.

हा गुण आपल्या संसारात फार बोलला जातो. ‘जरा जुळवून घ्या’ हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे घर विरळा. कोणी या गुणाला शहाणपण म्हणतात, कोणी दुबळेपण. खरे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी यंदाच्या नवरात्रात वाचकांनी आमच्याबरोबर मनाने बुलढाणा जिल्ह्यात यावे, अशी आमची विनंती आहे. कारण खाऱ्याशी जुळवून घेत गोडवा कसा राखावा आणि खारटपणा कोठे सोसू नये, हे दोन्ही या जिल्ह्याच्या मातीने आणि पाण्याने शिकविले आहे.

लवणासुराची भूमी

लोणारचे सरोवर सर्वांच्या ऐकिवात असते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून तळापर्यंत सुमारे १५० मीटर खोल असे हे विवर काळ्या कातळाच्या पठारात कोरल्यासारखे दिसते. पुराणकथा सांगते की, येथे लवणासुर नावाचा दैत्य भूमीखाली दडून बसला होता आणि देवांना व माणसांना छळत होता. भगवान विष्णूंनी सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून त्याचे गुपित जाणून घेतले आणि पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळावरचे झाकण उडवून त्याचा वध केला. दैत्याच्या रक्ताचे पाणी झाले, मांसाचे मीठ झाले आणि विष्णूंस ‘दैत्यसूदन’ हे नाव मिळाले. लोणार गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध प्राचीन मंदिर आजही या कथेची साक्ष देत उभे आहे. या क्षेत्रास ‘विष्णुगया’ असेही म्हणत. अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात या नावाचा, तसेच येथील क्षारांपासून काच व साबण करण्यास लागणारी द्रव्ये मिळत असल्याचा उल्लेख आला आहे.

१८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची दखल घेतली. पुष्कळ काळ ते मृत ज्वालामुखीचे मुख समजले जाई. पुढे १९७० च्या दशकातील संशोधनाने आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने ते झाले असल्याचे सिद्ध केले. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे मानीत. नंतरच्या कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरविले. भूमीवर झालेला एक प्रचंड आघात आणि त्यातून निर्माण झालेले खारे जळ, एवढे मर्म कथेत आणि शास्त्रात दोहोंतही आहे.

या विवराच्या काठावर ‘धार’ नावाचे स्थान आहे. तेथे गोमुखातून गोड्या पाण्याचा अखंड झरा वाहतो. भाविक त्यास तीर्थ मानतात. हेच गोड पाणी वाहत वाहत खाली सरोवरात जाते. सरोवरातून मात्र पाणी बाहेर जाण्यास वाटच नाही. ते केवळ उन्हाने वाफ होऊन उडते आणि विरघळलेले क्षार मागे राहतात. सहस्रावधी वर्षांच्या या क्रमाने येथील पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी झाले.

आणि अशा या पाण्याच्या काठी, विवराच्या तळाशी, झाडीत विराजमान आहे कमळजादेवी. नवरात्रात येथे यात्रा भरते. दूरदूरचे भाविक विवराची उतरण पायी उतरून आईच्या दर्शनास येतात. कमळजा म्हणजे कमळातून प्रकटलेली. ज्या पाण्यात कमळ उगवू शकत नाही, त्या पाण्याच्या काठी कमळजेचे ठाणे असावे, यात आमच्या पूर्वजांनी काही सांगून ठेवले आहे असे मानण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. अनुकूल जागी तर कोणीही फुलते. प्रतिकूल जागी जी फुलते आणि इतरांना फुलविते, तिला आपण आई म्हणतो.

खाऱ्या पाण्यातील जीवन

सामान्य मासळी ज्या पाण्यात जगू नये असे हे पाणी निर्जीव मात्र नाही. स्पायरुलिना नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म नीलहरित जीवांमुळे एरवी ते हिरवे दिसते. शिवाय डोळ्यांना न दिसणारे कितीतरी सूक्ष्मजीव येथे सुखाने नांदतात. त्यांच्या जगण्याची रीत शास्त्रज्ञांनी जी उलगडून दाखविली आहे, ती एखाद्या सुभाषिताहून कमी उद्‌बोधक नाही.

तीव्र अल्कधर्मी पाण्यात राहणारे जीव आपल्या पेशीच्या आतील अल्कता बाहेरच्या इतकी चढू देत नाहीत. बाहेर कितीही प्रखरता असो, आतला समतोल ते सतत श्रम करून सांभाळतात. क्षणोक्षणी शक्ती खर्ची पडते, पण अंतरंग बिघडत नाही. हा झाला जुळवून घेण्याचा एक मार्ग. दुसऱ्या जातीचे काही लवणप्रिय जीव निराळी रीत पत्करतात. बाहेरच्या मिठाने आपल्यातील पाणी शोषून घेऊ नये म्हणून ते आपल्या पेशीतही क्षार भरून घेतात आणि आपली सारी अंतर्गत रचनाच त्यास साजेशी करून घेतात. ते मिठात निर्वेध जगतात. परंतु यांपैकी पुष्कळ जीव नंतर गोड्या पाण्यात टाकले तर फुटून जातात. बाहेरचे सर्वस्वी आत घेतल्याची ती किंमत होय.

२०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा सगळीकडे मोठे कुतूहल निर्माण झाले होते. कोणी त्यास शुभ म्हटले, कोणी अशुभ. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने व नागपूरच्या ‘नीरी’ने नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला, तशी या लवणप्रिय सूक्ष्मजीवांची भरभराट झाली आणि त्यांच्या अंगच्या गुलाबी रंगद्रव्याने पाणी रंगले, असे आढळून आले. पाऊस पडला, पाण्याचे प्रमाण वाढले आणि रंग ओसरला. परिस्थिती पालटली की एकाने मागे सरावे, दुसऱ्याने पुढे यावे आणि पुन्हा आपापल्या जागी परतावे, असा हा त्या जळातील अलिखित व्यवहार. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला ‘रामसर’ या आंतरराष्ट्रीय पाणथळ स्थळांच्या यादीत स्थान मिळाले. नांदूरमध्यमेश्वरनंतर हा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील दुसरे स्थळ ठरले.

सासू-सुनेची विहीर

कमळजादेवीच्या मंदिरासमीप सरोवराच्या पात्रात एक विहीर आहे. सरोवराचे पाणी ओसरले म्हणजे ती दिसू लागते. चढले की बुडून जाते. तिला लोक ‘सासू-सुनेची विहीर’ म्हणतात. कारण तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे, अशी तिची ख्याती आहे. सासू कोणती आणि सून कोणती, यावर यात्रेतील बायाबापड्यांत थट्टाविनोद चालतो. म्हातारी म्हणते, गोड बाजू माझी. तरुणी हसून मान वळविते. थट्टा सोडून दिली तरी त्या नावामागील निरीक्षण मार्मिक आहे. एकाच काठाच्या आत दोन स्वभावांचे पाणी नांदते. दोघी एकमेकींना खेटून आहेत, आणि दोघींनाही धरून ठेवणारा बांध एकच आहे.

आपल्या कुटुंबव्यवस्थेत जुळवून घेण्याचा उपदेश बहुधा सुनेलाच होत आला. माहेरची भाकरी पातळ असेल तर तिने सासरी जाड थापावी. माहेरी वरणात गूळ पडत असेल तर सासरी त्याचा विसर पडावा. कुळाचार, देव, बोलण्याची ढब, झोपण्या-उठण्याच्या वेळा, सारे तिने नव्याने शिकावे. सहस्रावधी स्त्रियांनी ते हसतमुखाने केले, म्हणून घरे उभी राहिली, हे आम्ही कृतज्ञतापूर्वक म्हणतो. परंतु एकाच बाजूने सदैव झुकत राहणे यास सामंजस्य म्हणता येईल काय? विहिरीच्या एका अंगाचे पाणी सर्वस्वी दुसऱ्यासारखे झाले, तर दोघींची मिळून ती विहीर राहणारच नाही; उरेल केवळ खारे पाणी. ज्या घरात सासूबाई सुनेच्या माहेरचा एखादा पदार्थ शिकून घेतात, नव्या सुनेच्या कुलस्वामिनीलाही आपल्या देवघरात एक सुपारी मांडतात, नोकरीवरून उशिरा येणाऱ्या सुनेसाठी सायंकाळच्या आरतीची वेळ अर्ध्या घटकेने पुढे नेतात, त्या घरात आई जगदंबा निश्चितच वास करते. आरती अर्ध्या घटकेने लांबली म्हणून देवी रुसत नाही. सून हात-पाय धुऊन आरतीला उभी राहिली, याने ती प्रसन्न होत असेल.

अक्षतांचे औदार्य

आमच्या या म्हणण्यास शास्त्राचा आधार आहे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आपला पूजाविधी हाच याचा मोठा आधार आहे. षोडशोपचारी पूजा सांगताना गुरुजी काय म्हणतात ते आठवावे. वस्त्र नसेल तर अक्षता वाहाव्यात, अलंकार नसतील तर अक्षता वाहाव्यात. चांदीची मूर्ती नसेल तर सुपारीवर गणपतीचे आवाहन करावे. कलशावर नारळ ठेवला की देवीचे रूप सिद्ध झाले. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने डोळे मिटून मानसपूजा करावी. तीही देवापर्यंत पोहोचते. गरीब भाविकाला देवासमोर ओशाळे वाटू नये, अशी ही योजना आहे. उपचार पालटला तरी भाव पालटत नाही. देश, काल आणि पात्र पाहून धर्म आचरावा, असे जे आपले पूर्वसूरी सांगत आले, त्याचे हे घरगुती रूप होय.

पंचांगाकडे पाहा. चंद्राच्या गतीने मोजलेले वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सूर्याच्या गतीने मोजलेले सुमारे ३६५ दिवसांचे. दर वर्षी सुमारे ११ दिवसांचे अंतर पडते. ते तसेच वाढू दिले असते तर नवरात्र कधी भर उन्हाळ्यात तर कधी कडाक्याच्या थंडीत आले असते, आणि घटात पेरलेल्या धान्याचा व शेतातील हंगामाचा मेळ राहिला नसता. आपल्या ज्योतिर्विदांनी सूर्यालाही नाकारले नाही आणि चंद्रालाही नाही. सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास घालून त्यांनी दोघांचा मेळ बसविला. ज्या महिन्याला कोणी वाली नव्हता, ज्याला ‘मलमास’ म्हणून हिणविले जाई, त्यास भगवंताने ‘पुरुषोत्तम’ हे आपले स्वतःचे नाव दिले, अशी कथा आहे. जुळवून घेण्यासाठी जो मध्ये उभा राहतो, त्याच्या वाट्याला बहुधा उपेक्षा येते. आपल्या परंपरेने त्याला देवाचे नाव आणि जावयाला अनारशांचे वाण दिले!

२०२० चे वर्ष अनेकांच्या स्मरणात असेल. त्या वर्षी आश्विन अधिक आला. सर्वपित्री अमावास्या १७ सप्टेंबरला झाली आणि नवरात्र मात्र पूर्ण एक महिना थांबून १७ ऑक्टोबरला बसले. त्यातच महामारीमुळे मार्चपासून मंदिरांची दारे बंद होती. कमळजेच्या उतरणीवर यात्रा नाही, शेगावी रांगा नाहीत, अशी ती वेळ होती. तरीही घट बसले, माळा चढल्या, घरच्या देवीपुढेच कुलदेवीची ओटी भरली गेली. मंदिरे त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. पुढे दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेच्याच मुहूर्तावर पुन्हा उघडली. त्या दीड वर्षात लोकांची श्रद्धा उणी झाली असे कोणी म्हणू शकेल काय? देऊळ घरात आले, एवढेच झाले.

शेगावचा योगी, सिंदखेडची माउली

याच जिल्ह्यात शेगाव आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीस, श्रीगजानन महाराज तेथे प्रथम प्रकटले. उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाणारा आणि गुरांसाठी भरलेल्या पाण्याने तहान भागविणारा तो दिगंबर योगी, संतकवी दासगणूंच्या ग्रंथामुळे घरोघरी परिचित आहे. पक्वान्न मिळो वा झुणका-भाकर, मंदिर मिळो वा रानातील झाड, त्यांना सारखेच. बाह्य परिस्थितीशी त्यांनी एवढे जुळवून घेतले की परिस्थितीला त्यांच्यावर सत्ता चालविता येईना. मात्र दांभिकतेशी त्यांनी कधी तडजोड केली नाही. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीस, ते समाधिस्थ झाले. त्यांच्या प्रसादाचा घास घेताना ‘अन्नाचे शीत वाया जाऊ देऊ नये’ एवढा धडा जरी आपण घेतला, तरी तो थोडा नव्हे.

आणि याच जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. १५९८ मध्ये लखुजी जाधवांच्या घरी जिजाऊ जन्मास आल्या. या थोर कन्येच्या वाट्याला कोणती अनुकूलता आली? माहेर आणि सासर यांच्यात वैमनस्य. १६२९ मध्ये निजामशाही दरबारात पित्याची व भावांची हत्या. १६३० मध्ये शिवनेरीवर पुत्रजन्म आणि पाठोपाठ भीषण दुष्काळ. पुढे उद्ध्वस्त झालेल्या पुण्यात येऊन राहण्याचा प्रसंग आला. तेव्हा त्यांनी पडक्या वस्तीलाच आपले घर मानले, रयतेला धीर देऊन परत बोलाविले, पुण्याच्या भूमीवर सोन्याचा नांगर फिरविला, अशी परंपरा सांगते. जागा बदलली, माणसे बदलली, साधने तुटपुंजी झाली. त्या सर्वांशी त्यांनी जुळवून घेतले. अन्यायाशी मात्र घेतले नाही. त्यांनी तेही घेतले असते, तर महाराष्ट्राचा इतिहास निराळा झाला असता.

जेथे जुळवून घेऊ नये

येथवर आम्ही या गुणाची थोरवी गायिली. आता त्याची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे, आणि तीही आम्हांस बुलढाण्याच्या मातीनेच सांगितली आहे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून ‘खारपाणपट्टा’ पसरला आहे. सुमारे ९०० गावे या पट्ट्यात मोडतात. आपल्या जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावे त्यांत आहेत. येथे विहीर खणली तर पाणी लागते, पण खारे लागते. जमीन काळी, खोल, सुपीक. पाणी मात्र पिकालाही नको आणि घशालाही नको. येथील शेतकऱ्याने शतकानुशतके याच्याशी जुळवून घेतले. विहिरीच्या पाण्याची आशा सोडून पावसावर कपाशी, ज्वारी, तूर घेतली. काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर हरभरा पिकविला. अलीकडे शेततळ्यांत पावसाचे गोड पाणी साठवून ऐन वेळी पिकाला एखादे पाणी देण्याची सोय काही ठिकाणी झाली आहे. शेतीच्या बाबतीत या जुळवून घेण्याला आम्ही साष्टांग नमस्कार करतो.

परंतु माणसाच्या शरीराला हा उपदेश करता येत नाही. या पट्ट्यात वर्षानुवर्षे खारे पाणी पिणाऱ्या गावांत मूत्रपिंडाच्या विकारांनी किती संसारांची धूळधाण केली, याची दुःखद हकीकत वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. सरोवरातील सूक्ष्मजीव लक्षावधी वर्षांत खाऱ्याशी जुळले. माणसाच्या मूत्रपिंडाला तेवढी सवड नाही. ज्या घरी हंडाभर गोड पाण्यासाठी लेकीसुनांना कोसभर चालावे लागले, त्या घराला ‘जुळवून घ्या’ म्हणणे यास सहानुभूती म्हणत नाहीत. तेथे पाणीच बदलले पाहिजे. नळाने गोड पाणी पोहोचविणे, पोहोचलेले नळ सतत वाहते ठेवणे, छपरावरचा पाऊस साठविणे, हीच तेथील खरी देवीपूजा होय. घटात भरलेले जल शुद्ध असावे असा आपला आग्रह असतो. तोच आग्रह गावच्या हंड्यासाठीही असावा.

तेव्हा विवेक असा धरावा. अडचण सोसावी, अन्याय सोसू नये. रीत बदलावी, मूल्य बदलू नये. स्वतःस थोडे वाकविणे यात मोठेपणा आहे. दुसऱ्याने किती वाकावे हे ठरविणे मात्र आपल्या अधिकारात नाही.

आता पाळी आपली

या विवेकाची कसोटी आज खुद्द कमळजेच्या दारी लागली आहे. २००० मध्ये लोणारला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. तथापि गावाचे सांडपाणी विवरात उतरते, ही तक्रार कित्येक वर्षे होत राहिली. अलीकडच्या वर्षांत सरोवराच्या पाण्याची पातळी वाढत गेली आणि २०२५ मध्ये पाणी कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत येऊन ठेपले. सासू-सुनेची विहीर तर पाण्याखालीच गेली. मंदिराची काळजी भाविकांस वाटणे स्वाभाविक आहे. त्याबरोबर आणखी एक काळजी आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. आत येणारे पाणी उडून जाणाऱ्या पाण्याहून अधिक झाले, की सरोवराचा खारटपणा हळूहळू पातळ होणार. ज्या जीवांनी लक्षावधी वर्षे घालवून खाऱ्याशी जुळवून घेतले, त्यांना आता गोडपणाच संकट ठरेल. त्यांनी आपल्या बाजूने जुळवून घ्यावयाचे ते घेतले आहे. आता माणसाने त्यांच्याशी जुळवून घेण्याची पाळी आहे.

हे काम शासनाचे आणि शास्त्रज्ञांचे आहे, हे खरे. परंतु भाविकाच्या हाती काहीच नाही असे नव्हे. कमळजेच्या यात्रेस जाताना निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या, नारळाच्या शेंड्या आणि जुनी वस्त्रे सरोवरात टाकू नयेत. तीर्थाच्या पाण्यात साबण लावू नये. घटाची माती विसर्जित करावयाची ती आपल्या शेतात, परसात वा कुंडीत करावी. ती मुळात तेथूनच आली होती. पूर्वी असे करीत नव्हते, ही सबब पुरेशी नाही. वस्त्राऐवजी अक्षता स्वीकारणारी आई, पाण्याऐवजी कुंडीतील विसर्जनही आनंदाने स्वीकारील. उपचार पालटण्याची मुभा ज्या धर्माने आपल्या सोयीसाठी दिली, तीच मुभा आपण सृष्टीच्या सोयीसाठी वापरू नये काय?

नवव्या माळेला देवघरातील अंकुर पाहताना घरातील लहानांना त्यांचा रंग दाखवावा आणि तो तसा का झाला हे सांगावे. अंधाऱ्या कोपऱ्यातही ते उगवले, उजेडाकडे झुकले आणि आपले बीज विसरले नाहीत, एवढे सांगितले तरी पुरे. त्याच वेळी घरातील कोण किती काळ एकटेच झुकत आले आहे, याकडेही वडीलधाऱ्यांनी एकवार पाहावे. दसऱ्याला सोने लुटताना पहिले पान त्याच्या हाती द्यावे.

खाऱ्या काठी गोड झरा अखंड वाहता ठेवणारी श्रीकमळजामाता आपल्या सर्वांच्या घरी सामंजस्य नांदवो, वाकण्याचे शहाणपण आणि ताठ राहण्याचे धैर्य दोन्ही देवो, आणि पूर्णाकाठच्या प्रत्येक घागरीत गोड पाणी भरो, हीच या नवरात्रात तिच्या चरणी आमची प्रार्थना!